राखाडी होण्याची भीती

‘ट्रोल्स’ संपायला थोडाच वेळ उरलेला असतो, आणि सिनेमा अचानक विझतो. बर्गनांच्या राजवाड्यातल्या स्वयंपाकघरात एका हंड्यात ट्रोलांचं अख्खं गाव कोंडलेलं आहे. वर झाकण बसलंय. तासभर गाऊन, नाचून, दिसेल त्याला मिठ्या मारून जिने धीर दिला ती पॉपी इथे पहिल्यांदा खचते. तिचा गुलाबी रंग उडतो आणि ती राखाडी होते. मग तिच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, असं करत सगळा हंडा राखाडी. ज्या सिनेमाचं पोस्टर बघूनच मोठ्या माणसाचे दात आंबावेत, त्यात ही जवळजवळ बिनरंगाची मिनिटं येतात. लहान मुलं या सिनेमाला का चिकटून बसतात, ते मला इथे कळलं.

मुलांना भडक रंग आवडतात, ठेका आवडतो, म्हणून असले सिनेमे चालतात, असं आपण म्हणतो आणि मोकळे होतो. ते खोटं नाही, पण तेवढ्याने भागत नाही. भडक रंग आणि ठेका यूट्यूबवर पैशाला पासरी मिळतात. मूल ते बघतं आणि विसरतं. ‘ट्रोल्स’ मात्र २०१६ साली आला, आणि तेव्हा जन्मलीही नव्हती अशी मुलं आज तो तिसऱ्यांदा, तेराव्यांदा लावा म्हणून हट्ट करतात. माझ्या मते या सिनेमाची पकड रंगात नाही. रंग जाऊ शकतो, या धाकात आहे.

गोष्ट ऐकायला साधी आणि तपशिलात भयंकर आहे. बर्गन नावाची धिप्पाड, कुरूप, कायम चिडलेली जमात आहे. त्यांना आनंद म्हणजे काय ते ठाऊकच नाही. ट्रोल खाल्ला तरच माणूस सुखी होतो, ही त्यांची ठाम समजूत. म्हणून त्यांनी ट्रोलांचं झाड गावाच्या मधोमध पिंजऱ्यात ठेवलंय आणि वर्षातून एकदा, ट्रोलस्टिसच्या सणाला, ते ट्रोल तोडून खातात. छोट्या राजपुत्राला पहिला घास भरवायचा दिवस येतो, तो चावतो, तर ट्रोल लाकडाचा! खरे ट्रोल राजा पेपीच्या मागोमाग भुयारातून निसटलेले असतात. वीस वर्षांनी पेपीची मुलगी पॉपी आवाजाची पर्वा न करता दणदणीत समारंभ करते. त्या आतषबाजीने पत्ता फुटतो, आणि बर्गनांची हाकलून दिलेली आचारीण तिथे पोचते.

म्हणजे या गोडगुलाबी सिनेमाच्या पोटात खाल्लं जाण्याची भीती आहे. आपल्याकडे लेकीला भेटायला निघालेल्या म्हातारीला वाटेत वाघ अडवतो तो काही गप्पा मारायला नाही. ती भोपळ्यात बसून परत येते, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलं ती गोष्ट पुन्हा सांग म्हणतात. राक्षसाला माणसाचा वास येतो आणि तो नाक वर करून घर हुंगायला लागतो, तिथे अंथरुणातलं मूल पाय पोटाशी घेतं आणि पुढे काय ते विचारतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला जगात सगळं आपल्यापेक्षा मोठं दिसत असतं. कुणीतरी आपल्याला गट्टम करेल, ही शंका त्याला आपण शिकवावी लागत नाही. सध्याच्या पालकांना मात्र अशा गोष्टी नकोशा वाटतात. वाघ मित्र होतो, राक्षस शाकाहारी निघतो. ‘ट्रोल्स’च्या कर्त्यांनी जुनीच खोड चालू ठेवली आणि तिला वरून चमकी लावली.

गंमत अशी, की मूळ ट्रोल खाणाऱ्यांपैकीच. नॉर्वेच्या लोककथांतले ट्रोल डोंगराएवढे, ओबडधोबड, अंगावर झाडंझुडपं उगवलेले, आणि सूर्य उगवला की दगड होणारे. थिओडोर किटेलसेन (१८५७–१९१४) या चित्रकाराने त्यांना जे रूप दिलं ते तिथल्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. त्याच्या चित्रांत जंगल कुठे संपतं आणि ट्रोल कुठे सुरू होतो ते कळत नाही. हा राक्षस बोटभर उंचीचा, केसाळ, लाडका कसा झाला, याचा धागा मात्र लोककथेत नाही. तो डेन्मार्कमधल्या एका खेळण्यात आहे.

उत्तर जटलंडमधल्या ग्योल गावात थॉमस डॅम नावाचा लाकूडकाम करणारा गृहस्थ होता. पैशाची चणचण होती, मुलीला विकतची भेट देणं परवडेना, म्हणून त्याने लाकडातून एक ट्रोल कोरून दिला, अशी हकीकत सांगतात. गावातली इतर मुलंही मागू लागली. १९५९ च्या सुमारास बाहुला बाजारात आला आणि साठच्या दशकात अमेरिकेत त्याने धुमाकूळ घातला. लोकरीचे उभे केस, काचेचे डोळे, पसरलेले हात, नागडं अंग, आणि चेहऱ्यावर असं हसू की त्याला काहीतरी ठाऊक आहे आणि तो सांगणार नाही. लोक तो नशिबाचा म्हणून जवळ बाळगत. परीक्षेला नेत, गाडीत टांगत.

नशीब डॅमचं मात्र फिरलं. बाहुल्यांवर कॉपीराइटची खूण नीट नसल्याच्या कारणावरून १९६५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने तो बाहुला सार्वजनिक मालकीचा ठरवला. मग काय, ज्याला जमेल त्याने ट्रोल काढले. १९९४ च्या कायद्यामुळे परदेशी निर्मात्यांना असे गमावलेले हक्क परत मिळवायची वाट उघडली, तेव्हा डॅम कुटुंबाच्या कंपनीने पुन्हा दावे लावले, आणि हक्क परत मिळाला. २०१३ मध्ये ‘ड्रीमवर्क्स ॲनिमेशन’ने स्कँडिनेव्हियाबाहेरचे हक्क विकत घेतले.

हा विकत घेतलेला माल काय होता, याचा विचार करण्यासारखा आहे. गोष्ट नाही, पात्रं नाहीत, एखादं पुस्तकही नाही. फक्त केस, आणि ते हसू. बहुतेक स्टुडिओंनी अशा खेळण्यावरून दीड तासाची जाहिरात काढली असती. इथेही जाहिरात आहेच, त्याबद्दल पुढे बोलू. पण दिग्दर्शक माइक मिचेल, सहदिग्दर्शक वॉल्ट डॉर्न आणि लेखकजोडी जोनाथन एबल व ग्लेन बर्जर यांनी त्या केसांचा पाठपुरावा केला. ट्रोलाचे केस लांब होतात, दोर होतात, शिडी होतात, चाबूक होतात. लपायचं असेल तर आजूबाजूच्या झुडपाचा रंग घेतात. मोठ्यांच्या जगात सगळं हाताबाहेर असलेल्या मुलाला, डोक्यावरच अशी चीज असणं किती सोयीचं वाटत असेल!

तसाच पाठपुरावा त्यांनी स्पर्शाचा केला. संगणकावर काढलेल्या सिनेमांत वस्तू बहुधा प्लास्टिकच्या वाटतात, घासूनपुसून चकचकीत. प्रॉडक्शन डिझायनर केंडल क्रॉनकाइट-शेंडलिन यांच्या चमूने ट्रोलांचं जग उलट कापडाचं केलं. जमीन फेल्टची, झाडं-वेली लोकरीच्या गोंड्यांच्या, ट्रोलाच्या त्वचेवर मखमलीची लव. पॉपी आपल्या आठवणी चिकटवहीत लावते, आणि सिनेमाची सुरुवातच त्या वहीतून होते. ते प्रसंग बघताना पडदा थांबवून पाहिला मी. फेल्टच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या किंचित वाकड्या आहेत, एक तुकडा दुसऱ्यावर ठेवला की त्याची बारीक सावली पडते, चमकीचे कण नको तिथेही सांडलेत. बालवाडीतल्या मुलाने डिंक लावून केलेल्या कामाची ती अचूक नक्कल आहे, आणि ती करायला संगणकावर बसलेल्या माणसांना काय मेहनत पडली असेल, याची कल्पना केलेली बरी. मुलाला ते तंत्र कळत नाही. त्याला एवढंच कळतं की हे आपल्याला करता येण्यासारखं आहे. हात लावावासा वाटणं, ही या सिनेमाची पहिली भुरळ.

बर्गनांचं गाव याच्या उलट. तपकिरी, मातकट हिरवं, जड. सत्तरच्या दशकातल्या एखाद्या घराचं फर्निचर उन्हात विटावं तसे रंग. दोन जगांमधला फरक सांगायला एकही वाक्य लागत नाही.

कोथरूडच्या एका सोसायटीत गणपतीच्या दिवसांत क्लब-हाउसमध्ये मुलांसाठी हा सिनेमा प्रोजेक्टरवर लावला होता. मी मागच्या रांगेत जाऊन बसलो, मुलांकडे बघता यावं म्हणून. सिनेमा इंग्रजीत होता. पुढे सतरंजीवर बसलेल्यांपैकी निम्म्यांना तरी संवाद कळत नसणार. त्यात तीन-चार वर्षांची बरीच होती. पहिल्या गाण्याला सतरंजी उठून उभी राहिली, पडद्यासमोर नाच, ढकलाढकली, एकाने खुर्चीवर चढून मार खाल्ला. मग ब्रांच आला. ब्रांच हा एकटाच राखाडी ट्रोल आहे. तो गात नाही, मिठी मारत नाही, बर्गन येतील म्हणून जमिनीखाली तळघर बांधून अन्न साठवतो. तो दिसताच एका मुलीने मागे वळून बाबांना विचारलं, ‘हा आजारी आहे का?’ बाबा म्हणाले, माहीत नाही, बघ. खरं तर तिने सगळा सिनेमा एका प्रश्नात ओळखला होता.

ब्रांच राखाडी का, ते बरंच नंतर कळतं. लहानपणी तो गात होता, गाण्यात त्याला भान राहिलं नाही, आवाजामागोमाग आचारीण आली आणि त्याला वाचवताना त्याची आजी गेली. तेव्हापासून रंग गेला आणि गाणंही. मुलांच्या सिनेमात आजीचं मरण नवं नाही, पण अपराधाची ही बोच नवी आहे. आपल्या गाण्यामुळे आजी गेली, असं वाटणारा मुलगा. आई रागावली की ते आपल्यामुळे, बाबा उशिरा आले की आपल्यामुळे, असं मानणारी मुलं याच वयाची असतात.

हंड्याचा प्रसंग आला तेव्हा सतरंजी शांत झाली. ती मुलगी गुडघ्यांवर सरकत मागे आली आणि बाबांच्या मांडीत बसली. ज्याने सिनेमा आधी पाहिला होता असा एक सहा-सात वर्षांचा मुलगा शेजारच्याला मोठ्या माणसासारखं सांगत होता, ‘थांब, आता तो गाणं म्हणतो.’ आणि ब्रांच गातो. जो कधी गात नाही तोच. दबक्या आवाजात, पॉपीकडे बघून. सिंडी लॉपरचं १९८६ चं ‘ट्रू कलर्स’. हळूहळू पॉपीचा गुलाबी परत येतो आणि ब्रांचच्या अंगात तो जन्मतः होता तो निळा उगवतो. मुलीने बाबांच्या मांडीतून उठायची घाई केली नाही. रंग सगळ्यांचे आलेत ना, हे तिने नीट पाहून घेतलं.

भाषा न कळणाऱ्या मुलाला गोष्ट कळते ती अशी. राखाडी म्हणजे धोका, रंग म्हणजे निभावलं. ही खूण कर्त्यांनी एकदा घालून दिली आणि शेवटपर्यंत मोडली नाही. सगळा सिनेमाभर रंगाची उधळण करण्याचं कारणही तेच असावं. काढून घ्यायचं असेल तर आधी भरपूर द्यावं लागतं.

आता गाण्यांकडे. इथे मला सिनेमाचा धूर्तपणा दिसतो आणि त्याचं थोडं कौतुकही वाटतं. यातली बरीच गाणी जुनी आहेत. ‘अर्थ, विंड अँड फायर’चं १९७८ चं ‘सप्टेंबर’, लायोनेल रिचीचं ‘हॅलो’, आणि सायमन-गार्फंकल यांचं साठच्या दशकातलं ‘द साउंड ऑफ सायलेन्स’. ते शेवटचं तर विनोदासाठी वापरलंय. रात्री शेकोटीपाशी ब्रांच पॉपीला गप्प राहायला सांगतो, तर ती वाद्य काढून शांततेवरचंच गाणं म्हणायला लागते, आणि ब्रांच ते वाद्य उचलून सरळ आगीत टाकतो. मुलं वाद्य जळालं म्हणून हसली. मागे मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्या एका काकांनी मात्र गाण्याच्या पहिल्याच सुरावर मान वर काढली. हा काकांसाठी टाकलेला गळ आहे. तिकिटाचे पैसे काका देतात आणि पुढे शंभर वेळा गाडीत ते गाणं ऐकावं लागणार असतं तेही काकांनाच.

नवी गाणी थोडी. ‘गेट बॅक अप अगेन’ हे पॉपीचं प्रवासगीत बेंज पासेक आणि जस्टिन पॉल यांचं. ती एकामागून एक आपटत, गिळली जात, चावे खात जाते आणि गाणं सोडत नाही. आणि अर्थात ‘कान्ट स्टॉप द फीलिंग’. ब्रांचला आवाज देणाऱ्या जस्टिन टिंबरलेकने ते मॅक्स मार्टिन व शेलबॅक या स्वीडिश संगीतकारांबरोबर लिहिलं. ते मे २०१६ मध्ये बाहेर काढलं, सिनेमा अमेरिकेत लागला नोव्हेंबरमध्ये. गाणं आल्या आल्या बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर बसलं, पुढे त्याला ऑस्करचं नामांकन आणि ग्रॅमी मिळालं. सिनेमा येईपर्यंत लग्नाच्या हॉलपासून जिमपर्यंत सगळीकडे ते वाजून झालं होतं. मूल थिएटरात बसलं तेव्हा गाणं त्याला पाठ होतं. ओळखीचं काही पडद्यावर दिसलं की मुलाला जी फुशारकी चढते ती आधीच विकत घेऊन ठेवली होती.

आपल्याकडे उलटं घडलं आहे. ‘देवबाप्पा’ हा १९५३ चा सिनेमा आज किती जणांनी पाहिलाय? पण गदिमांनी लिहिलेलं, पुलंनी चाल लावलेलं आणि आशाबाईंनी गायलेलं त्यातलं ‘नाच रे मोरा’ प्रत्येक बालवाडीत आहे. तिथे पहिल्या पंगतीच्या माणसांनी मुलांसाठी नवं गाणं रचलं आणि ते सिनेमाला मागे टाकून गेलं. ‘ट्रोल्स’ने टिकून राहिलेली गाणी गोळा केली आणि त्यांच्या खांद्यावर सिनेमा ठेवला. कर्तृत्व म्हणून पहिलं मोठं, यात मला शंका नाही. पण ‘ट्रू कलर्स’ हंड्यात नेऊन ठेवणाऱ्याला कान आहे, हेही मान्य करावं लागतं.

ठेक्याचं म्हणाल, तर मूल त्याला शरण जातं ते चालायला लागण्याआधीपासून. मार्सेल झेंटनर आणि टुओमास ईरोला यांनी २०१० साली पाच महिने ते दोन वर्षं वयाच्या बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. बोलणं ऐकवलं त्यापेक्षा संगीत ऐकवलं तेव्हा बाळं जास्त तालात हलली, आणि ज्यांची हालचाल ठेक्याशी जितकी जुळली तितकी ती जास्त हसली. त्याच वर्षी सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टॉमासेलो यांनी दाखवलं, की चार वर्षांची मुलं एकत्र गाऊन-नाचून झाल्यावर एकमेकांना मदत करायला अधिक पुढे येतात. भजनी मंडळ किंवा भोंडला पाहिलेल्याला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. पण क्लब-हाउसमध्ये आधी ढकलाढकली करणारी दोन मुलं शेवटच्या गाण्याला हात धरून गरागरा फिरली, तेव्हा मला तो अभ्यास आठवला खरा.

पुन्हा पुन्हा तेच का बघायचं, हा पालकांचा कायमचा जाच. त्यावरही एक जुनं काम आहे. १९९९ मध्ये ‘ब्लूज क्लूज’ या अमेरिकी बालमालिकेचा एकच भाग तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लागोपाठ पाच दिवस दाखवला. मुलं कंटाळली नाहीत. दिवसागणिक त्यांना भाग जास्त समजत गेला आणि ती पडद्याशी बोलायला, उत्तरं ओरडायला लागली. मोठ्या माणसाला पुढे काय होणार ते कळलं की गोडी संपते, मुलाची तिथे सुरू होते. ‘थांब, आता तो गाणं म्हणतो’ असं म्हणणाऱ्या मुलाला हंड्यातली भीती हवीच होती. ती किती वेळ टिकते आणि कुठे संपते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून हवी होती.

सगळंच गोड नाही. सिनेमाचा वेग, विशेषतः पहिल्या अर्ध्या तासाचा, मला सोसत नाही. दृश्य डोळ्यांत ठरायच्या आत बदलतं. एक ट्रोल चमकी पादतो, दुसऱ्याच्या बुडातून कपकेक बाहेर येतात, तासातासाला फुलणारी मनगटावरची फुलं मिठीची वेळ झाल्याची आरोळी देतात, आणि हे सगळं एका दमात. व्हर्जिनिया विद्यापीठात २०११ मध्ये चार वर्षांच्या ६० मुलांवर एक प्रयोग झाला होता. नऊ मिनिटं वेगवान कार्टून पाहिलेल्या मुलांची एकाग्रता आणि स्वतःला आवरायची क्षमता, तेवढाच वेळ चित्रं काढत बसलेल्या मुलांपेक्षा लगेच नंतर घसरलेली दिसली. परिणाम किती टिकतो, हे त्या प्रयोगातून निघत नाही, म्हणून त्यावरून घरातला टीव्ही फोडायला नको. पण सिनेमा संपल्या संपल्या चिरंजीव का हवेत असतात, याचा अंदाज येतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलं होतं, की दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासभर पडदा पुरे, तोही शेजारी बसून. ‘ट्रोल्स’ दीड तासाचा आहे. हंड्यापर्यंत पोचायचं तर नियम मोडावाच लागतो!

धंद्याची बाजू. सुमारे १२.५ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या सिनेमाने जगभरात ३४ कोटी डॉलरच्या वर धंदा केला. त्याच वर्षी कॉमकास्टने ड्रीमवर्क्स ॲनिमेशन ३.८ अब्ज डॉलरना विकत घेतलं. खेळणी, पिशव्या, कपडे, केसांचे टोप यांचा पूर आलाच. ज्या बाहुल्यापासून सिनेमा निघाला त्या बाहुल्याला सिनेमाने परत विकायला काढलं. याचा राग यावा तितका मला येत नाही, कारण सिनेमातच या व्यवहारावर एक बारीक चिमटा आहे. बर्गनांचा आनंदही बाहेरून विकत, ओरबाडून, गिळून मिळवायचा असतो. राजाला ट्रोल खायचाय आणि त्याची भांडी घासणारी ब्रिजेट त्याच्यावर जीव टाकून बसलीय. ट्रोल तिच्या डोक्यावर बसून इंद्रधनुषी केसांचा टोप होतात, ती नटूनथटून राजाबरोबर स्केटिंग करते आणि दोघंही कुणाला न खाता हसतात. सिंडरेलाची चोरी आहे, पण काचेच्या बुटाऐवजी जिवंत केस! सुख पोटात घालावं लागत नाही, हे बर्गनांना ब्रिजेटकडून कळतं, आणि बाहेर पडताना दुकानात बाहुला मिळतो.

दुसरा भाग, ‘ट्रोल्स वर्ल्ड टूर’, सिनेमा म्हणून जेवढा गाजला त्याहून जास्त एका भांडणामुळे गाजला. एप्रिल २०२० मध्ये थिएटरं बंद होती. युनिव्हर्सल स्टुडिओने तो १० एप्रिलला अमेरिकेत घरोघरी भाड्याने दिला, ४८ तासांना सुमारे २० डॉलर. घरात अडकलेली मुलं आणि हात टेकलेले पालक; तीन आठवड्यांत सुमारे १० कोटी डॉलर जमल्याची बातमी आली. एएमसी या थिएटरसाखळीने चिडून युनिव्हर्सलचे सिनेमे लावणारच नाही म्हणून जाहीर केलं. जुलैत तह झाला. सिनेमा थिएटरात १७ दिवस चालला की पुढे तो घरी द्यायला मोकळीक. पूर्वी ही मुदत महिन्यांत मोजली जायची. हॉलिवूडच्या वितरणाची घडी विस्कटायला निमित्त झाले ते केसाळ बाहुले.

या भागात ट्रोलांच्या सहा जमाती निघतात. पॉप, फंक, कंट्री, टेक्नो, शास्त्रीय आणि रॉक. रॉकची राणी बार्ब सगळ्यांच्या तारा पळवून जगात एकच संगीत ठेवायला निघते. पॉपीला वाटत असतं, आपण सगळे सारखेच, चला मिठी मारू. फंकवाले तिला ऐकवतात, की पहिल्यांदा सगळ्यांचं संगीत ढापलं ते तुमच्याच पूर्वजांनी. अमेरिकी पॉपने कुणाकुणाच्या गाण्यावर पोट भरलं, याचा एवढा स्वच्छ कबुलीजबाब मी मुलांच्या सिनेमात पाहिला नव्हता. मोठ्यांना तो भाग जास्त आवडतो. पण माझ्या पाहण्यातली चार वर्षांची मुलं पहिलाच लावायला सांगतात. सहा जमाती, सहा तारा, कोण कुणावर का चिडलंय, हे बोलून समजवावं लागतं.

२०२३ च्या तिसऱ्या भागात ब्रांचचे हरवलेले भाऊ सापडतात. ते सगळे मिळून एकेकाळी गाण्याचा बँड चालवत असत. टिंबरलेकच्या स्वतःच्या जुन्या ‘एनसिंक’ने त्यासाठी वीसेक वर्षांनी एकत्र येऊन नवं गाणं केलं, आणि माझ्या पिढीच्या पालकांसाठी गळ पुन्हा पाण्यात पडला. मला रस आहे तो खलनायकांत. व्हेल्व्हेट आणि व्हेनीर या बहीण-भावाला गाता येत नाही. म्हणून ते ब्रांचच्या एका भावाला हिऱ्याच्या अत्तरकुपीत कोंडतात आणि त्याची कला शोषून स्टेजवर टाळ्या घेतात. तो आत दिवसेंदिवस क्षीण होत जातो. म्हणजे दोन सिनेमांनंतर कर्ते परत तिथेच आले. भांडं, त्यात कोंडलेला ट्रोल, आणि त्याला संपवून स्वतः सुखी होऊ बघणारं कुणीतरी. हा भाग सुरू असताना घरी माझ्या भाचीने पहिल्यांदा जो प्रश्न विचारला तो गाण्याबद्दल नव्हता की भावांबद्दल नव्हता. त्या कुपीतल्याचे केस परत रंगीत होतात ना, एवढंच तिला आधी सांगायला हवं होतं. मी हो म्हटलं, आणि मग ती बघायला बसली.